ओट्यावर चालेल असा लॅपटॉप

मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५

हो म्हणाली. पण अशी हो म्हणाली की त्यापेक्षा नाही बरं!

चितेगावला मालनबाईकडं जाऊन आले. पंच्याहत्तरी ओलांडलेली, दात मोजून चार, पण आवाज! भांडी घासता घासता सहज दोन ओळी गुणगुणली आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा. स्वतः रचते, स्वतः गाते, आणि एकही गाणं कुठं भरून ठेवलेलं नाही. माझ्या चॅनेलवर आजवर गाणाऱ्या अकरा बाया झाल्या. ही बारावी त्या अकरांना झाकून टाकेल. चौदा एप्रिलच्या आत हिचा व्हिडिओ टाकायचा म्हणजे टाकायचा.

आधी चहा, मग चौकशी. "कुठली गं तू?" गारखेड्याची. "काय करती?" उस्मानपुऱ्यात स्टुडिओ आहे, लग्नाचे व्हिडिओ कापायचं काम करते. "बाप कोण?" म्हटलं, अंगद मास्तर, गायन पार्टीवाले. मला वाटलं आता आतून खुर्ची येईल. बाबांचं नाव निघालं की आमच्या लोकांत खुर्ची येतेच. खुर्ची नाही, काही नाही. म्हातारी खाली मान घालून पातेलं घासत राहिली. चांगली पाच मिनिटं. मग अट घातली —

"गाईन. पण हितंच बसून तयार करायचं, माझ्या ओट्यावर. पुरं झालं की मला दावायचं. मी व्हय म्हणलं की न्यायचं. तवर माझा आवाज ह्या ओट्याखाली उतरायचा नाय."

म्हटलं, मावशी, एडिटिंग स्टुडिओत होतं, मोठ्या कॉम्प्युटरवर.

"मग आण की त्याला हितं. त्याला काय पाय मोडलेत?"

तीसेक वर्षांपूर्वी कुणी एक टेप घेऊन आला होता म्हणे. गाणी भरून नेली. 'तयार करून आणतो आन् दावतो' म्हणून गेला, तो गेलाच. कोण होता विचारलं तर "जाऊ दे." छान! कुणाचं पाप, आणि शिक्षा मला.

गुरुवार, २० फेब्रुवारी

इंद्रजीतशेठनी — आमच्या स्टुडिओचे मालक — मोठ्या मनानं स्टुडिओतला लॅपटॉप दिला. त्याला लॅपटॉप म्हणायचं कारण एवढंच की त्याला झाकण आहे. मांडीवर घेतला तर मांडीवर पोळी भाजेल. चार्जरच विटेएवढा. "सांभाळून हं मॅडम, महागडा आहे." कोणत्या साली महागडा होता ते नाही सांगितलं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

अडतीस मिनिटं.

चितेगावात सकाळी दहाला लाईट गेली ती चारला येणार. हे मला गाडीतून उतरल्यावर कळलं. लॅपटॉप अडतीस मिनिटं चालला, त्यातली पंधरा तो उठण्यात गेली. मालनबाईनं पदर नीट केला, घसा खाकरला, आणि पडदा काळा!

"निजलं व्हय तुझं?"

म्हटलं, हो मावशी, थकलंय.

"ओझं तर तू आणलं, ते कशानं थकलं?"

गुरुवार, २७ फेब्रुवारी

स्वतःचा लॅपटॉप घ्यायचा ठरवलं. तेव्हापासून घरात शांतता म्हणून नाही.

सुयश, माझा धाकटा भाऊ, वाळूजच्या कंपनीत क्वालिटीला आहे. त्यामुळं जगातल्या प्रत्येक वस्तूची क्वालिटी त्यालाच कळते. त्यानं तक्ता केलाय. सतरा लॅपटॉप, तेवीस रकाने. वजन, बॅटरी, रॅम, पडद्याचे रंग. म्हटलं, यात 'मालनबाईच्या ओट्यावर दुपारच्या उन्हात दिसतं का' हा रकाना कुठंय? तर म्हणे, "ताई, तू ना, सिरियसली घेत नाहीस." मग त्यानं मला परदेशातल्या एका दाढीवाल्याचा व्हिडिओ दाखवला. तो लॅपटॉप विमानात वापरून बघतो, बर्फात वापरून बघतो. बिचाऱ्यानं चितेगावची एक दुपार काढावी.

खरं आश्चर्य बाबांचं. मोबाईलला कव्हर घेतलं तरी "कशाला?" विचारणारा माणूस! त्यांना म्हटलं, चितेगावच्या मालनबाईसाठी घेतेय, असं असं आहे, ओट्यावर बसून काम करायचंय. पेपर खाली ठेवला. बराच वेळ चष्मा पुसला. आणि म्हणाले, "घाई करू नको. नीट बघून घे. सहा महिने लागले तरी चालतील."

सहा महिने! माझे बाबा! म्हातारपणी माणूस उदार होतो तो असा.

शनिवार, १ मार्च

गल्लीतल्या पोरांची आतापासूनच जयंतीची तयारी. मोठ्या स्पीकरवर बाबांचं गाणं लावून आवाज तपासत होते — 'कोळशानं लिहिलं गं, पुसू नका कुणी.' जुनी कॅसेट, पण अजून दर चौदा एप्रिलला वाजते. एकच गाणं गाजलं बाबांचं, पण काय गाजलं! चुलीपुढं बसून भिंतीवर कोळशानं अक्षरं गिरवणाऱ्या बाईचं गाणं. आणि शेवटच्या कडव्यात, आमच्याकडं पद्धतच आहे, रचणाऱ्यानं स्वतःचं नाव गुंफायचं: 'अंगद म्हणे भिंतीवरती, भीमाची ही निशाणी.'

बाबांनी जन्मात चूल पेटवलेली नाही. गॅसवर चहा ठेवायला सांगितला तर लायटर कुठून धरायचा विचारतात. पण गाणं असं, की धूर डोळ्यांत जातो. कलाकार लोक!

सोमवार, ३ मार्च

दुकानात गेले. दुकानदारानं माझ्याकडं बघून आधी गुलाबी लॅपटॉप काढला. म्हटलं, व्हिडिओ एडिटिंग करायचंय. तर मग जो काढला त्याला सात रंगांचे दिवे. कीबोर्डला दिवे, मागं दिवे, बाजूला पंखा. गणपतीसमोर ठेवला तर वेगळी आरास नको.

"मॅडम, फोर के बोले तो मक्खन चलता इसपे."

"बॅटरी किती?"

"बॅटरी कायको? प्लग लगाके चलाओ ना."

"भाई, प्लग असता तर घरीच बसले असते ना मी!"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी गिरणीत जाऊन सोनं मागितलं.

मंगळवार, ४ मार्च

सुयशनं त्याचा स्वतःचा लॅपटॉप एका दिवसापुरता दिला. देताना चेहरा असा, की मुलगी सासरी धाडतोय. हलका आहे, सहा तास चालतो. सकाळी आधी स्टुडिओत बसून त्याच्यावर ते मोठं, महिन्याला भाडं घेणारं सॉफ्टवेअर टाकलं. झकास चाललं.

ओट्यावर उघडलं. 'कृपया साइन इन करा.' नेटवर्क शून्य. रेंज मिळते ती पार गावाबाहेरच्या कंपनीच्या भिंतीजवळ. तिथं एका हातात लॅपटॉप, दुसऱ्या हातात मोबाईल घेऊन उन्हात अर्धा तास उभी. वॉचमनला वाटलं सर्वे करायला आले. साइन इन झालं, ओट्यावर परत आले, आणि त्यानं पुन्हा विचारलं!

मालनबाई बघत होती. "काय इचारतंय सारखं?"

"मी कोण ते विचारतंय मावशी. ज्यांचं सॉफ्टवेअर आहे त्यांना कळवायचं असतं."

"म्हंजी ओटा माझा, गाणं माझं, आन् परवानगी तिसऱ्याची?"

 ह्याचं उत्तर सॉफ्टवेअर कंपनीच्या कायदेशीर खात्यालाही सुचणार नाही.

शुक्रवार, ७ मार्च

तक्ता आता एकतीस लॅपटॉपांचा. डोक्याला ताप.

मंगळवार, ११ मार्च

म्हटलं, मरू दे लॅपटॉप. मोबाईलवरच कापते. सगळं जग मोबाईलवर रील कापतंय, मीच काय ती शहाणी? फुकटचं अॅप टाकलं, नेट लागत नाही, बॅटरी खात नाही. एक लहान गाणं भरलं, पेरणीचं. तासाभरात तयार. माझी मीच खूश.

मालनबाईनं मोबाईल हातभर लांब धरून बघितला. शेवटपर्यंत. मग पडद्याच्या कोपऱ्यावर नख ठेवलं.

"हे कुणाचं नाव?"

अॅपचा शिक्का! फुकटात घेतलं की ते प्रत्येक व्हिडिओवर आपलं नाव उमटवतात. समजावलं तिला, मावशी, ते काही नसतं, सगळ्यांच्याच व्हिडिओवर असतं, कुणी वाचत नाही.

"मी वाचलं की."

"तुम्हाला वाचता येतं?"

"शाळंत नाय गेले. धाकला दीर जायचा. त्याची पाटी बघून चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं गिरवायची मी. सासू रोज पुसायची. मी रोज लिहायची."

मी तर उडालेच! म्हटलं, मावशी, अगदी आमच्या बाबांच्या गाण्यातल्यासारखं! 'कोळशानं लिहिलं गं' — ऐकलंय ना तुम्ही? त्यात अशीच बाई आहे!

म्हातारी माझ्याकडं बघत राहिली. "व्हय का," म्हणाली. आणि मोबाईल परत दिला. "पुसून टाक हे. दुसऱ्याचं नाव लागलेलं नको मला."

पुसलं. काय करते?

शनिवार, १५ मार्च

घेतला! एकदाचा घेतला! सव्वा किलोचा, दिवे नाहीत, पंख्याचा आवाज नाही, चार्जर मुठीत मावतो, बॅटरी दहा तास. बरोबर काड्याच्या पेटीएवढी हार्डडिस्क. सॉफ्टवेअर फुकटचं शोधलं — शिक्का नाही, साइन इन नाही, कुणाची परवानगी नाही. एकदा टाकलं की आपलं. मोठ्या फाइली जड जातात त्याला, पण त्यांच्या हलक्या नकला करून त्यांच्यावर कापायचं आणि शेवटी मूळ फाइल जोडायची. जमतंय.

सुयश रुसलाय. त्याच्या तक्त्यात हा एकोणिसावा होता.

बाबा म्हणाले, "एवढ्या लवकर?"

पंधरा दिवस झाले! म्हटलं, तुम्हीच म्हणालात ना घ्यायला? "तसं नाही, पण... नीट चालतो का बघ अजून. ती बाई पण आता थकली असेल. कशाला त्रास द्यायचा?" मी ओळखते हे. घरात नवीन वस्तू आली की त्यांना दोन दिवस जेवण जात नाही.

गुरुवार, २० मार्च

इंद्रजीतशेठनी लॅपटॉप उचलून बघितला. "एवढासा? यावर लग्न कसं बसणार?" तीन तासांचं लग्न मी एवढ्याशावर पन्नास मिनिटांत आणलं आणि दाखवलं. मग म्हणाले, "मग आता घरूनच काम करत जा ना मॅडम, स्टुडिओची लाईट वाचेल." घ्या!

मंगळवार, २५ मार्च

रागानं दोनदा पान फाडलं. तरी लिहिते.

सगळं मनासारखं झालं होतं. सकाळी नऊला ओट्यावर. माईक पदराला, कॅमेरा तिवईवर, कोंबड्यांना हाकलायला शेजारची चंपाबाई. तिसऱ्या गाण्यात कंपनीचा भोंगा वाजला, ते गाणं परत घेतलं. लाईट गेली — जाऊ दे! माझा एकसष्ट टक्के शिल्लक! चार गाणी ओट्यावर बसून कापली, चार दाखवली, चारही वेळा "व्हय." एवढी खूश होते मी. म्हटलं, मावशी, अजून एक होऊन जाऊ द्या.

तिनं डोळे मिटले आणि सुरू केलं — 'कोळशानं लिहिलं गं, पुसू नका कुणी.'

बाबांचं गाणं! चाल तीच, संथ फक्त. शब्द न शब्द तोच. गाऊ दे, म्हटलं, गाजलेलं गाणं आहे, कुणीही गातं. पण शेवटचं कडवं आलं आणि म्हातारी काय म्हणते —

'मालन म्हणे भिंतीवरती, माझीच ही निशाणी,
कोळशानं लिहिलं गं, पुसू नका कुणी.'

चोरी! धडधडीत चोरी! आणि तीही माझ्या कॅमेऱ्यासमोर, माझ्याच बापाचं गाणं! टेपवाला चोर, अॅपवाला चोर, आणि ही? दुसऱ्याच्या गाण्यात स्वतःचं नाव घालणारी हीच! महिनाभर मला नाव-नाव शिकवलं!

तिचं वय बघितलं. सरळ गाणं कापायला घेतलं आणि ते कडवं उडवलं. धृपदावर अलगद सांधा दिला, आवाज हळूहळू विरवला. कापलंय असं ओळखू येणार नाही. अकरा वर्षं हेच करतेय, लग्नातून भांडणारे व्याही काढून टाकतेय. माझा सांधा आजवर कुणी पकडलेला नाही.

दाखवलं. शेवटपर्यंत बघितलं तिनं. "सरलं?"

"सरलं."

"माझं कडवं?"

म्हटलं, मावशी, गाणं लांबत होतं. लोक एवढं बघत नाहीत.

ती चिडेल असं वाटलं होतं. नाही चिडली. लॅपटॉपच्या कडेवरून हात फिरवला. म्हणाली, "लई भारी मशीन हाय गं तुझं. त्या टेपवाल्याकडं असलं नव्हतं. त्याला तोंडानं बदलावं लागलं."

मग म्हणाली, "मी नाय म्हणते. ह्याला नाय. बाकीची चार ने. हे पुसून टाक."

लॅपटॉपमधलं पुसलं, तिच्यासमोर. कॅमेऱ्यातल्या कार्डात मूळ आहे ते नाही सांगितलं. तिला कार्ड माहीत नाही. घेऊन आले. का नाही आणायचं? गाणं आमचं आहे!

शुक्रवार, २८ मार्च

ती चार गाणी टाकली. लोक वेडे झालेत. 'ही माऊली कुठं होती इतके दिवस?' वगैरे. 

पाचवं पण तयार केलंय, कडव्याशिवाय. खाली ओळ टाकली: 'गीत — अंगद मास्तर. आवाज — मालनबाई.' चौदा एप्रिलला सकाळी आपोआप जाईल असं लावून ठेवलं. बाबांना भेट! मंगळवारी सुट्टी आहे, तेव्हा आधी त्यांना मूळ रेकॉर्डिंग ऐकवणार — त्यांचं गाणं लोक कसं उचलतात ते — आणि मग माझं कापलेलं. बघू तरी, तोंडभर कौतुक करतात का एकदा.

रविवार, ३० मार्च

त्याला तोंडानं बदलावं लागलं. म्हणजे काय? काहीतरीच बोलते म्हातारी.

मंगळवार, १ एप्रिल

चहा झाल्यावर बाबांसमोर लॅपटॉप ठेवला. म्हटलं, ऐका. मालनबाई गायला लागली. बाबांनी मान वर केली नाही. तिसऱ्या कडव्याला ओठ हलायला लागले. मला वाटलं, आपलं गाणं म्हणून म्हणतायत.

शेवटचं कडवं आलं. तीस वर्षं ज्या जागी 'अंगद म्हणे' गायले, त्या जागी बाबा तिच्याबरोबर म्हणाले — 'मालन म्हणे भिंतीवरती, माझीच ही निशाणी.' एक शब्द चुकला नाही. मी ते कडवं त्यांना आधी ऐकवलेलं नव्हतं.

चौदा तारखेला लावून ठेवलेलं गाणं काढून टाकलं. कार्ड पिशवीत घातलंय. चितेगावची गाडी साडेनऊला आहे. बाबा केव्हाचे चपला घालून दारात बसलेत.  आपणहून म्हणाले, "मला पण ने. तयार करून आणतो आणि दाखवतो म्हणालो होतो तिला. दाखवायचं राहिलंय."